हा रेझिस्टर इथं का आहे?

काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होतो आणि आमच्या प्रयोगशाळेत एक कॅनसॅट तयार होत होता. कॅनसॅट म्हणजे शीतपेयाच्या कॅनमध्ये मावेल एवढा सरावाचा उपग्रह. आत तापमान आणि हवेचा दाब मोजणारे सेन्सर, छोटा रेडिओ, बॅटरी; वर पॅराशूट. उंचावरून सोडायचा आणि जमिनीवर येईपर्यंत त्यानं मोजमापं पाठवत राहायचं. मुलांनी स्टीलच्या मेजरिंग टेपचे दोन तुकडे कापून त्याच्या अँटेना केल्या होत्या. त्या दुमडून नायलॉनच्या दोऱ्यानं बांधलेल्या असत. ठरल्या वेळी निक्रोमची तार तापायची, दोरा वितळायचा आणि पट्ट्या ताडकन उघडायच्या. अवकाशात जाणाऱ्या छोट्या उपग्रहांच्या अँटेनाही पुष्कळदा अशाच उघडतात.

पहिल्या तुकडीनं हे सगळं जमवलं आणि ती मुलं पास होऊन गेली. दुसऱ्या तुकडीनं बोर्ड नव्यानं करायला घेतला, तेव्हा त्यांना तारेच्या वाटेत एक पांढरा, सिरॅमिकचा, दोन ओहमचा रेझिस्टर दिसला. हा काढला तर तार जास्त तापेल, दोरा लवकर तुटेल, वर दोन-चार ग्रॅम वजनही वाचेल, असा सरळ हिशेब करून त्यांनी तो काढून टाकला. मलाही तो हिशेब पटला. चाचणीच्या दिवशी बटण दाबलं. बोर्डावरचा दिवा लागला, विझला. पुन्हा लागला, पुन्हा विझला. दोरा होता तसाच. तीन संध्याकाळी आम्ही त्या डब्याभोवती बसून होतो. शेवटी तुकडीतल्या एका मुलीनं आधीच्या तुकडीतल्या मुलाला फोन लावला. तो तोवर हिंजवडीत नोकरीला लागला होता. अर्ध्या मिनिटात तो म्हणाला, "अगं, तो काढू नका. तो प्रवाह आवरतो. तो नसला तर तार सुरू झाली की बॅटरी बसते, प्रोसेसर रिसेट होतो आणि टायमर पुन्हा शून्यापासून मोजायला लागतो. आमचे दोन आठवडे त्यात गेले होते."

"मग लिहून का नाही ठेवलंस?"

"रिपोर्टमध्ये सर्किट आहे की."

सर्किट होतं. रेझिस्टर किती ओहमचा तेही होतं. तो तिथं का आहे, हे मात्र कुठंच नव्हतं. तो रिपोर्ट मी तपासला होता आणि शेवटच्या पानावर माझी सही होती.

विद्यार्थ्यांना अवकाश उद्योगाशी जोडणाऱ्या शिक्षणक्रमांवरच्या या पुस्तकाला प्रस्तावना लिहायला बसलो, तेव्हा सगळ्यात आधी मला तो पांढरा रेझिस्टर आठवला. या विषयावर बोलताना बहुतेकांच्या डोळ्यांपुढे श्रीहरिकोटाचा धूर आणि टाळ्या येतात. मला दिसतात ती एका तुकडीकडून दुसऱ्या तुकडीकडे जाणारी माणसांची कामं. उपग्रहाला लागणारी वर्षं आणि पदवीची वर्षं यांचा मेळ बसत नाही. या अडचणीतूनच या शिक्षणक्रमांतलं सगळ्यात मोलाचं शिक्षण निघतं, असं इतक्या वर्षांनंतर माझं मत झालं आहे. हे पुस्तक मला जवळचं वाटलं, ते त्यामुळेच.

ही अडचण अमेरिकेतल्या दोन प्राध्यापकांनाही छळत होती. स्टॅनफर्डचे बॉब ट्विग्ज आणि कॅलिफोर्निया पॉलिटेक्निकचे जॉर्डी प्विग-स्वारी. विद्यार्थ्यांनी उपग्रह बांधायचा म्हटलं की त्यात एकेक उपकरण वाढत जायचं, वर्षं लांबायची आणि ज्यांनी सुरुवात केली ती मुलं उड्डाणापूर्वीच पदवी घेऊन निघून जायची. मग १९९९ मध्ये त्यांनी मापच बांधून दिलं: दहा सेंटिमीटरचा घन, वजन साधारण एक किलो. एवढ्यात जे बसेल तेच घ्यायचं. या घनाला क्यूबसॅट म्हणतात. माप ठरल्यामुळे रॉकेटमधून तो बाहेर ढकलणारी पेटीही ठरावीक झाली. आपल्याकडे बाटलीचं तोंड एका मापाचं असलं की कुठल्याही दुकानातलं बूच चालतं, तसंच हे. घन कोणीही बांधावा, पेटीत तो बसणारच. आज मोठमोठ्या कंपन्या या मापाच्या पटीतले उपग्रह शेकड्यांनी सोडतात, पण त्याचा जन्म 'मुलांचं शिक्षण त्यांच्या पदवीच्या काळात पुरं व्हावं' एवढ्या साध्या गरजेतून झाला. उद्योगानं शिक्षणाकडून घेतलेली ही उसनवारी फारशी कोणी सांगत नाही.

पुढची कथा जपानमध्ये आणि डेन्मार्कमध्ये घडली. ३० जून २००३ रोजी रशियाच्या प्लेसेत्स्क तळावरून उडालेल्या रॉकेटमध्ये काही विद्यापीठांचे पहिलेवहिले क्यूबसॅट होते. टोकियो विद्यापीठात प्राध्यापक शिनिची नाकासुका यांच्या हाताखाली मुलांनी बांधलेला उपग्रह त्यात होता. दीड दशक उलटून गेल्यावरही तो पृथ्वीशी बोलत होता. तो बांधण्याचा अनुभव गाठीशी असलेल्या विद्यार्थ्यांनी २००८ मध्ये ॲक्सेलस्पेस ही कंपनी काढली. त्याच उड्डाणात डेन्मार्कच्या ऑलबोर्ग विद्यापीठाचाही क्यूबसॅट होता, आणि तिथल्या माजी विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये गॉमस्पेस उभी केली. ही कंपनी आता जगभर छोट्या उपग्रहांचे सुटे भाग पुरवते. विद्यार्थ्यांना उद्योगाशी जोडायचं म्हणजे त्यांना उद्योगाच्या दारात नेऊन उभं करायचं, असा आपल्याकडे समज आहे. या दोन्ही ठिकाणी छोट्या उपग्रहांच्या उद्योगाचं दारच नव्हतं. मुलांनी उपग्रह बांधला आणि उद्योग त्याच्यामागून आला.

आपल्याकडेही मुळात असंच घडलं होतं. विक्रम साराभाईंनी अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत जमवलेली माणसं बहुतेक विशी-तिशीतली होती. पुण्यात जन्मलेले प्रमोद काळे विद्यार्थी असतानाच त्या प्रयोगशाळेच्या कामात ओढले गेले आणि पुढे तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक झाले. कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस रॉकेटतळासाठी केरळच्या किनाऱ्यावरची थुंबाची जागा शोधणाऱ्यांत होते. २१ नोव्हेंबर १९६३ ला त्या किनाऱ्यावरून पहिलं रॉकेट उडालं, तेव्हा देशात 'अवकाश उद्योग' नावाचं काही अस्तित्वातच नव्हतं. या माणसांच्या नावानं मराठीत भाषणं पुष्कळ झाली. ते कामाला लागले तेव्हा त्यांचं वय काय होतं, हे मुलांना त्याहून जास्त वेळा सांगायला हवं.

भारतातल्या विद्यार्थी-उपग्रहांची यादी इथं देत बसत नाही, ती पुस्तकात सविस्तर आहे. ओझरती वाट तेवढी दाखवतो. अण्णा विद्यापीठाचा चाळीस किलोंचा अनुसॅट २००९ मध्ये गेला. पुढच्या वर्षी कर्नाटक आणि आंध्रच्या महाविद्यालयांतल्या मुलांचा एक किलोहूनही हलका स्टडसॅट, २०११ मध्ये आयआयटी कानपूरचा जुगनू आणि त्याच उड्डाणात चेन्नईच्या एसआरएम विद्यापीठाचा एसआरएमसॅट. या शेवटच्या नावाशी मी थोडा थांबतो, कारण एसआरएमसॅटवर विद्यार्थी म्हणून काम केलेले संजय नेक्कंटी यांनीच पुढे हैदराबादची ध्रुव स्पेस सुरू केली. २६ नोव्हेंबर २०२२ ला इस्रोच्या पीएसएलव्ही-सी५४ रॉकेटमधून त्या कंपनीचे दोन छोटे उपग्रह कक्षेत पोचले. बिट्स पिलानीच्या मुलांमधून पिक्सेल ही उपग्रहांची कंपनी उभी राहिली, आयआयटी मद्रासच्या आवारात अग्निकुल ही रॉकेटांची. जपानची गोष्ट इथं काही वर्षं उशिरा घडली, पण घडली.

आता पुण्याविषयी, कारण या पुस्तकातली माझी सगळ्यात आवडती पानं पुण्याची आहेत. १८५४ पासून चालत आलेल्या पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात, म्हणजे सगळे ज्याला सीओईपी म्हणतात तिथं, २००८ मध्ये मुलांनी एक क्यूबसॅट करायला घेतला. नाव ठेवलं 'स्वयम्'. वजन ९९० ग्रॅम. काम असं, की जगातल्या एका ठिकाणाहून निरोप घ्यायचा, पोटात साठवायचा आणि दुसऱ्या ठिकाणावरून जाताना खाली द्यायचा. पोस्टमनच म्हणा. २२ जून २०१६ च्या सकाळी पीएसएलव्ही-सी३४ नं एकदम वीस उपग्रह नेले, त्यात हा एक होता.

या उपग्रहातली एक युक्ती मी वर्गात दरवर्षी सांगत असे. अवकाशात सोडलेला डबा गटांगळ्या खातो. त्याच्या अँटेनाचं तोंड नीट ठेवायचं, तर मोठ्या उपग्रहांत फिरती चाकं असतात, छोटे झोत असतात. त्यांना वीज लागते, इंधन लागतं, जागा लागते. दहा सेंटिमीटरच्या घनात यातलं काय बसवणार? त्याला वीज मिळते ती बाहेरच्या भिंतींवर चिकटवलेल्या सौरपट्ट्यांतून, आणि तीही आपल्या साध्या मोबाइल चार्जरच्या विजेहून कमी. स्वयम्‌च्या मुलांनी आत लोहचुंबक बसवले. पाचवीच्या पुस्तकातली होकायंत्राची सुई जशी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात सरळ होते, तसा हा आख्खा उपग्रहच सुई बनून त्या क्षेत्राच्या रेषांना धरून राहतो. पण सुई नुसती सरळ होत नाही, आधी बराच वेळ इकडून तिकडे डुलते. हवेत ते डुलणं हवेच्या घर्षणानं थांबतं, वर हवाच नाही. त्यासाठी हिस्टेरेसिस कांड्या असतात, मऊ चुंबकीय मिश्रधातूच्या. उपग्रह हलला की त्यांच्यातलं चुंबकत्व मागंपुढं होतं आणि त्यात हलण्याची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. झुलता पाळणा हळूहळू थांबावा तसा उपग्रह शांत होतो. एक वॅटही खर्च नाही, बिघडायला एकही फिरता भाग नाही. आपल्याकडे काय नाही, याचं नेमकं भान असल्याशिवाय अशी रचना सुचत नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गरीब प्रयोगशाळेतल्या मुलांना हे उदाहरण द्यावं, आणि देताना फळ्यावर सुई काढावी. मुलं लगेच जवळ येतात.

आता वर्षं मोजा. २००८ ते २०१६. चार वर्षांच्या पदवीच्या दोन पिढ्या. ज्यांनी कागदावर पहिला चौकोन काढला, ती मुलं उड्डाणाच्या सकाळी कुठल्या कुठल्या शहरांत नोकरीला होती. मुंबईच्या आयआयटीतल्या 'प्रथम' या उपग्रहाचंही हेच. २००७ मध्ये एअरोस्पेस विभागातल्या सप्तर्षी बंद्योपाध्याय आणि शशांक तामस्कर या विद्यार्थ्यांनी ती कल्पना मांडली आणि दहा किलोंचा तो उपग्रह उडाला २६ सप्टेंबर २०१६ रोजी. पृथ्वीच्या वरच्या वातावरणातले, आयनांबरातले इलेक्ट्रॉन मोजायला तो गेला होता. मोजायची रीत सुंदर आहे. उपग्रहानं वरून ठरावीक दिशेत कंप पावणाऱ्या रेडिओ लहरी सोडायच्या, आणि खाली पोचेपर्यंत ती दिशा किती वळली ते जमिनीवर पाहायचं. जेवढे इलेक्ट्रॉन वाटेत भेटले, तेवढी दिशा वळते. म्हणजे अर्धं उपकरण वर आणि अर्धं खाली. त्यामुळे आयआयटीच्या मुलांनी इतर महाविद्यालयांतल्या मुलांना आपापल्या गच्चीवर ग्राउंड स्टेशन उभारायला शिकवलं. उपग्रह एका संस्थेचा असला तरी ऐकणारे अनेक. मला विचाराल तर प्रथमचं सगळ्यात मोठं काम या गच्च्यांवर झालं.

गच्चीविषयी मी जरा जास्त बोलणार आहे, कारण उपग्रह बांधणं प्रत्येक महाविद्यालयाला परवडणार नाही, गच्ची प्रत्येकाकडे आहे. आम्ही कॅनसॅटनंतर तेच केलं. ॲल्युमिनिअमच्या नळ्या कापून यागी अँटेना बनवली, पाण्याच्या टाकीशेजारी खांबावर बसवली, कोॲक्स केबल जिन्यावरून खाली आणली. साधारण पाचशे किलोमीटर उंचीवरचा उपग्रह पृथ्वीभोवती दीड तासात एक फेरी मारतो, पण आपल्या डोक्यावरून दिवसातून मोजक्याच वेळा जातो. क्षितिजापासून क्षितिजापर्यंत फार तर दहा-बारा मिनिटं. याला 'पास' म्हणतात. परीक्षेतल्या पासइतकाच हा पासही मुलांच्या तोंडी बसला. "सर, पाच वाजून चाळीसला पास आहे," असा पहाटे फोन यायचा. आवाज आधी खरखरीत असतो. मग त्यातून बारीक शीळ वर येते. उपग्रह जवळ येताना तिचा सूर चढा असतो आणि डोक्यावरून पुढे सरकला की उतरत जातो. रेल्वे फाटकाजवळ उभं राहून गाडीची शिट्टी ऐकलेल्या कुणालाही डॉप्लर परिणाम वेगळा समजावून सांगावा लागत नाही. तो सूर पहिल्यांदा ऐकला त्या पहाटे एक मुलगा अँटेना हातानं फिरवत होता. बारा मिनिटं त्यानं खांब सोडला नाही, आणि संपल्यावर हात कोपरापासून थरथरत होते. रेडिओच्या विषयात त्याची केटी होती. पुढच्या परीक्षेत तो विषय त्याचा सुटला. एवढंच सांगतो, त्याहून मोठा दावा करत नाही.

उपग्रह बांधणाऱ्या मुलांना उद्योगाच्या माणसांकडून जे मिळतं, त्यात मला रिव्ह्यू, म्हणजे रचनेची तपासणी, सगळ्यात मोलाचा वाटतो. महाविद्यालयातल्या व्हायवात उत्तर आलं की मार्क मिळतात. उपग्रहाच्या रिव्ह्यूत उत्तर आल्यावर पुढचा प्रश्न येतो: मोजलंत का? बॅटरी इतक्या अंशांपर्यंत टिकेल म्हणता, कुठं ठेवून पाहिली? हा स्क्रू हलणार नाही म्हणता, कंपनाच्या टेबलावर किती वेळ होता? रेडिओ वितळणार नाही म्हणता, पण निर्वातात पंखाही चालत नाही आणि वाराही नाही, मग त्यातली उष्णता जाते कुठून? समोर बसलेल्या इस्रोच्या अभियंत्यानं अशी चूक स्वतः कधी तरी केलेली असते किंवा करताना कुणाला तरी पाहिलेलं असतं. तो रागावत नाही, सोडतही नाही. आपल्या शिक्षणात 'मला माहीत नाही, मोजून सांगतो' हे उत्तर म्हणून स्वीकारलं जाण्याची ही बहुधा एकमेव जागा आहे. ज्या शिक्षणक्रमात असा रिव्ह्यू नाही, तिथं मुलं इस्रोच्या केंद्राच्या फाटकापाशी फोटो काढून परत येतात. ती सहल वाईट नाही. पण तिला शिक्षणक्रम म्हणू नये.

शाळेच्या वयातल्या मुलांसाठी २०१९ मध्ये इस्रोनं 'युविका' ही योजना सुरू केली. नववीची मुलं, उन्हाळ्याचे दोन आठवडे, इस्रोच्याच केंद्रांत राहून. ग्रामीण शाळेत शिकणाऱ्यांना निवडीत वेगळं वजन दिलं जातं, ही तिची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. जिल्हा परिषदेच्या शाळेतली मुलगी या दोन आठवड्यांत उपग्रह काही बांधत नाही. पण अभियंते कसे बसतात, कसे बोलतात, जेवताना कशावर वाद घालतात, हे तिला जवळून दिसतं. घरात कुणी अभियंता नसलेल्या मुलांना याची किंमत फार असते, हे मी स्वतःवरून सांगू शकतो.

आझादीसॅटची हकिकत या पुस्तकात एका पूर्ण प्रकरणात आली आहे, आणि तिच्यावर माझं मन अजून पुरतं ठरलेलं नाही. चेन्नईच्या स्पेस किड्झ इंडियानं देशातल्या ७५ सरकारी शाळांतल्या ७५० मुलींना घेऊन हा आठ किलोंचा उपग्रह केला. प्रत्येक शाळेचा एक छोटा पेलोड, म्हणजे उपग्रहातून न्यायचं उपकरण, सुमारे ५० ग्रॅमचा. ७ ऑगस्ट २०२२ ला एसएसएलव्ही या नव्या रॉकेटच्या पहिल्याच उड्डाणात तो गेला, आणि तो पाहायला मुली श्रीहरिकोटाला आल्या होत्या. रॉकेट वर गेलं. टाळ्या झाल्या. दुसरा टप्पा सुटताना बसलेल्या हादऱ्यानं वेगातला बदल मोजणारे सेन्सर क्षणभर आपल्या मर्यादेबाहेर गेले. रॉकेटमधल्या संगणकानं सेन्सर बिघडले असं धरलं आणि त्यांच्याशिवायच पुढची वाट धरली. सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर वेग हवा होता, त्यात सुमारे ५६ मीटरची तूट पडली. शंभरात एकसुद्धा नाही. पण ३५६ किलोमीटरच्या गोल कक्षेऐवजी उपग्रह अशा लंबगोल कक्षेत गेला, जिचं एक टोक पृथ्वीपासून ७६ किलोमीटरवर येत होतं. तिथं हवा आहे. उपग्रह टिकला नाही.

तयार बोर्डावर चिप बसवून प्रोग्रॅम टाकणं म्हणजे उपग्रह बांधणं नव्हे, असा आक्षेप अनेकांनी घेतला, आणि तो मला मान्य आहे. आठवीतल्या मुलीला 'तू उपग्रह बनवलास' असं सांगणाऱ्यानं तिला पुढे किती शिकायचं आहे हेही त्याच दमात सांगायला हवं. पण मग १० फेब्रुवारी २०२३ येते. इस्रोनं चूक शोधली, लोकांपुढे मांडली, टप्पा सोडवणारी यंत्रणा बदलली आणि सहा महिन्यांत त्याच जातीच्या रॉकेटनं आझादीसॅट-२ कक्षेत सोडला. ज्या मुलींनी ऑगस्टमध्ये डोळे पुसले, त्यांना फेब्रुवारीत कळलं की बिघाडाला कारण असतं, कारण सापडतं, आणि सापडल्यावर काम पुन्हा करता येतं. हे वर्गात शिकवायला मला तीस वर्षं पुरली नाहीत. अशा उपक्रमांच्या आयोजकांना मी एकच गोष्ट विचारत असतो: उड्डाणानंतरच्या सोमवारी शाळेत काय झालं? कुणी त्या मुलींना उपग्रहाची आलेली मोजमापं दाखवली का, त्यांच्याकडून आलेख काढून घेतला का? जिथं उत्तर 'हो' येतं, तिथं मी पुढच्या वर्षी माझ्या पदरचे पैसे घालून मुलं पाठवली आहेत.

एका बाबतीत मात्र हे सगळे शिक्षणक्रम मला अपुरे वाटतात, आणि लेखकानंही शेवटच्या प्रकरणात तिकडे बोट दाखवलं आहे. पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे. साखर कारखान्यांची यंत्रं करणारं गाव. तिथल्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटमधल्या घन इंधनाच्या मोटरींची कवचं बनतात. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याचं कवच २.८ मीटर व्यासाचं, मॅरेजिंग नावाच्या खास पोलादाचं, आणि आत १३९ टन इंधन. त्या कवचाच्या वेल्डिंगमध्ये केसाएवढी फट राहिली तर पुढं काय होईल ते सांगायला नको. मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटांची 'विकास' इंजिनं तयार झाली. म्हणजे आपल्या राज्यात अवकाश उद्योगाचा मोठा भाग वेल्डर, फिटर, टर्नर, आणि एक्स-रे लावून सांधा तपासणाऱ्यांच्या हातात आहे. पण विद्यार्थ्यांना अवकाशाशी जोडण्याची चर्चा आयआयटी आणि नववीच्या हुशार मुलांपाशी सुरू होते आणि तिथंच संपते. बारामतीच्या किंवा इंदापूरच्या आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकणाऱ्या मुलाला, आपल्या गावापासून तासाभरावर रॉकेटचं कवच सांधलं जातं, हे कुणी सांगत नाही. त्याला दोन आठवडे तिथल्या जुन्या कारागिराशेजारी उभं राहू द्या. २०२० पासून खासगी कंपन्यांसाठी इन-स्पेस या सरकारी संस्थेच्या रूपानं दार उघडलं, नव्या कंपन्या रॉकेटं आणि उपग्रह करू लागल्या. त्यांना उद्या जी माणसं कमी पडणार आहेत, त्यांत या मुलांची गरज गणितज्ञांपेक्षा कमी नसेल. कॅनसॅटच्या स्पर्धा आता देशपातळीवर होतात. त्यात एखादी जागा आयटीआयच्या संघासाठी ठेवली, तर कॅनचा सांधा सगळ्यात सरळ त्यांचाच असेल, याबद्दल मला शंका नाही.

पुस्तकाच्या लेखकानं प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी त्या त्या विद्यार्थी-संघाच्या वह्यांतले उतारे घेतले आहेत. वाचकानं ते ओलांडून पुढे जाऊ नये. कुणी बॅटरीच्या डब्याला कुठली चिकटपट्टी लावली आणि ती निर्वातात का चालत नाही, कुणी प्रोग्रॅम अडकला तर तो आपोआप पुन्हा सुरू करणारा पहारेकरी-टायमर कसा बसवला, क्लीन रूममध्ये जाताना पेन बाहेर का ठेवावं लागलं, असल्या बारक्या नोंदी आहेत. त्यांत बऱ्याचदा अक्षर बदलतं, भाषा बदलते, मराठीतून इंग्रजीत आणि पुन्हा मराठीत येते. मधेच सबमिशनच्या तारखा आहेत, एका पानावर चहाचा डाग आहे. लेखकानं डागासकट ते पान छापलं, याचा मला आनंद वाटतो.

आमच्या महाविद्यालयातही त्या रेझिस्टरनंतर एक वही सुरू झाली होती. लांब, निळ्या पुठ्ठ्याची, हिशेबाची असते तशी. तीन रकाने आखले होते: काय, किती, का. मी निवृत्त होताना ती प्रयोगशाळेतच ठेवून आलो. ही प्रस्तावना लिहिण्याआधी मुद्दाम जाऊन पाहून आलो. ती वही कपाटात नव्हती, टेबलावर उघडी पडली होती. कडा तेलकट झाल्या आहेत, मागं दुसरी वही शिवून जोडली आहे. चौथ्या पानावर त्या मुलीच्या अक्षरात अजून नोंद आहे: "रेझिस्टर, २ ओहम, ५ वॅट. काढू नये. तार सुरू होताच बॅटरी बसते आणि प्रोसेसर रिसेट होतो." खाली दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरात, हिरव्या शाईनं, लिहिलं आहे: "नव्या बॅटरीला १ ओहम पुरतो. चाळीस वेळा करून पाहिलं. आकडे पुढच्या पानावर."